मास्तरचं डोकं

माझ्या वहिनीला रस्त्याने जाताना पाहिलं असतं, तर तुम्हाला वाटलं असतं की कुठेतरी आग लागलीय आणि ही बादली घेऊन निघालीय. प्रत्यक्षात ती ब्रेड आणायला निघालेली असायची. तिचं जेवण दहा मिनिटांत व्हायचं, आंघोळ पाच मिनिटांत आणि भांडण दोन मिनिटांत. त्या दोन मिनिटांत समोरच्याचा पार निकाल लावून तिसऱ्या मिनिटाला ती त्यालाच चहा विचारायची. ‘उरकलं का?’ हा तिचा लाडका प्रश्न. लग्न होऊन आमच्याकडे आली त्या आठवड्यात तिने मला तो इतक्या वेळा विचारला, की मी दादाला म्हटलं, तुझी बायको घोड्यावर बसूनच आलीय, तिला आधी खाली उतरव.

मी तिची धाकटी नणंद. नणंदेने काढायची ती सगळी खुसपटं मी काढून पाहिली, पण ऐकायला ती एका जागी थांबेल तर ना. मग मलाच कंटाळा आला आणि आमची मैत्री झाली. अजूनही रागावली की ती मला ‘वन्सं’ म्हणते, एरवी नुसतं ‘अगं’.

आम्ही दोघी कामालाही एकाच ठिकाणी. कोट शिवायचा कारखाना आहे. हॉटेलातल्या लोकांचे, दारवानांचे, वाजंत्र्यांचे, असे अंगावर रुबाब चढवणारे कोट. लांबच लांब खोली, बारा शिवणयंत्रं, आणि खिडक्यांच्या कडेला कापायचं टेबल. मी बाह्या जोडते. वहिनी कापायची. कापणाऱ्याला आमच्याकडे मास्तर म्हणतात, मग ती बाई असली तरी मास्तरच. कापडाचे एकावर एक थर पसरायचे, वर पुठ्ठ्याचे फर्मे ठेवून खडूने आखायचं आणि मग उभ्या पात्याचं मशीन त्या सगळ्या थरांतून एकदम फिरवायचं. शिवण उसवता येते, पण कापलेलं परत सांधता येत नाही. त्यामुळे मास्तरचं टेबल म्हणजे कारखान्यातली सगळ्यांत मानाची जागा. वहिनीने ती अठरा वर्षं सांभाळली होती, आणि त्या टेबलावर तिचा जेवढा जीव होता तेवढा दादावर असेल की नाही याची मला शंका आहे.

पण मास्तरच्या डोक्यात एक बिनभाड्याचा भाडेकरू राहायचा. अर्धशिशी. महिन्यातून आठ-नऊ दिवस हमखास. आधी डोळ्यांच्या कडेला चमचमणारी वेडीवाकडी रेघ दिसायला लागायची, मग समोरच्या वस्तूंचा अर्धा भाग गायब व्हायचा, आणि अर्ध्या-पाऊण तासात डोक्याच्या डाव्या बाजूला घण पडायला लागायचे. उजेड नको, आवाज नको, अन्नाचा वास नको. दुसऱ्या दिवशी दुखणं ओसरायचं, पण डोकं भिजलेल्या कापसासारखं जड. माझ्या लग्नाच्या फोटोंत वहिनी कुठेच नाही. ती शेजारच्या खोलीत डोळ्यांवर ओला रुमाल टाकून पडली होती. दादा कुलपं दुरुस्त करतो आणि त्याला लहानपणापासून काम करताना शीळ घालायची सवय. लग्नानंतर वर्षभरात ती शीळ बंद झाली. दुसऱ्यांच्या घरांची कुलपं उघडून देणारा माझा भाऊ स्वतःच्या घरात चोरपावलांनी वावरायचा.

दुखण्याचे दिवस एक वेळ परवडले. न दुखण्याचे दिवस त्याहून वाईट, कारण ते सगळे भीतीत जायचे. उद्या डोकं चढलं तर? रविवारी तळ्यावर जायचं ठरवायचं आणि शनिवारी रद्द करायचं. कुणी बोलावलं की ‘बघते’ म्हणायचं. कारखान्यात तर तिने हे सगळं अठरा वर्षं लपवलं होतं. मास्तरच्या डोळ्यांपुढे अंधारी येते हे कळलं की टेबल गेलं, अशी तिची खात्री होती. म्हणून चमचम दिसायला लागली की ती दुप्पट वेगाने काम करायची. डोकं चढायच्या आत उरकून टाकायचं, हा तिचा एकमेव इलाज. ‘अति घाई संकटात नेई’ हे लोक ट्रकच्या मागे लिहितात. आमच्याकडे ते वहिनीच्या पाठीवर लिहायला हवं होतं.

आणि ते संकट आलंच. एका हॉटेलचे साठ कोट होते. वहिनी बाह्या आखायला लागली आणि त्याच वेळी डोळ्यांपुढे चमचम सुरू झाली. बाहीच्या फर्म्याला पुढच्या बाजूला एक खाच असते, मागच्या बाजूला दोन. त्यावरून डावी-उजवी ओळखायची. एक बाही आखून झाली की फर्मा पालथा करून दुसरी आखायची, म्हणजे जोडी होते. हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. त्या दुपारी वहिनीला अर्धा फर्मा दिसतच नव्हता. दुसरं कुणी थांबलं असतं. वहिनी आणखी जोरात सुटली. फर्मा पालथा करायचा राहिला, मशीन फिरलं, गठ्ठे बांधले गेले आणि ती घरी जाऊन आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी पहिला कोट माझ्याच हातात आला. डावी बाही छान बसली. उजवीच्या गठ्ठ्यातली घेतली, ती बसेना. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. दुसरी घेतली, तिसरी घेतली. साठ कोटांच्या एकशे वीस बाह्या आणि सगळ्या डाव्या. आता इथे शहाण्या बाईने काय केलं असतं? उठून गुपचूप वहिनीच्या कानाशी लागली असती. पण देव शहाणपण वाटत होता तेव्हा मी बहुतेक जिभेच्या रांगेत दुसऱ्यांदा उभी होते. बसल्या जागेवरून, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात, मी जाहीर केलं की या तर सगळ्या डाव्या आहेत. बाराच्या बारा यंत्रं थांबली.

मालकीणबाई आल्या. त्या कधी आवाज चढवत नाहीत, तेच तर कठीण जातं. त्यांनी एकेक बाही उचलून पाहिली आणि वहिनीला विचारलं, कसं झालं. वहिनीला खरं सांगता आलं असतं. ती म्हणाली, लक्ष नव्हतं. मास्तरने असं म्हणणं म्हणजे आचाऱ्याने आपल्याला चव कळत नाही म्हणण्यासारखं. त्या रंगाचं कापड संपलेलं, नवीन यायला दोन आठवडे लागले, आणि वहिनीची रवानगी कोपऱ्यातल्या काज-बटणांवर झाली. कापायला बाहेरचे एक मास्तर येऊ लागले. मालकीणबाईंनी वहिनीला बोलावून सरळ सांगितलं की तीन महिन्यांनी वाद्यवृंदाचे चाळीस मखमली कोट कापायचे आहेत. ते तिने कापून दाखवावेत. जमलं तर टेबल तिचं, नाही तर बाहेरच्या मास्तरांना कायमचं ठेवायचं.

मखमल हे कापड नाही, परीक्षा आहे. हाताखालून सरकते, आणि तिची लव एका दिशेने बसते. एक तुकडा उलट्या दिशेने कापला गेला तर तो कोट निम्मा गडद आणि निम्मा फिका दिसतो. मला चार दिवस जेवण गोड लागेना. चूक तिची असेल, दवंडी माझी होती.

म्हणून मी आणि दादा तिला अक्षरशः ढकलत डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर वयस्कर होते आणि घाईत नव्हते, तिथेच वहिनीचं आणि त्यांचं बिनसलं. त्यांनी तिच्या गोळ्यांचा सगळा इतिहास काढला आणि सांगितलं की ती साध्या वेदनाशामक गोळ्या इतक्या वेळा घेते की आता त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखतंय. दुखणं चढायला लागताच घ्यायची वेगळी गोळी दिली, आणि जोडीला आठ आठवड्यांचं सजगतेचं प्रशिक्षण. दर मंगळवारी संध्याकाळी, दवाखान्याच्याच व्यायामाच्या खोलीत. गोळीच्या बदल्यात नाही, गोळीबरोबर, हे त्यांनी दोनदा बजावलं. दुखणं जादूने जाईल असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, दुखण्याशी तुमचं जे नातं आहे ते जरा सुधारेल. वहिनीने विचारलं, आठ आठवड्यांचं चार आठवड्यांत उरकता येईल का? डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

एकटी जायला ती तयार नव्हती, म्हणून मीही नाव घातलं. खोलीत भिंतीला मोठाले रबरी चेंडू लावून ठेवलेले, मलमाचा वास, आणि जमिनीवर दहा चटया. शिकवणारी बाई तिशीची असेल. ती प्रत्येक शब्द असा सावकाश ठेवायची, जणू काचेचं सामान मांडतेय. मी तिचं नाव त्याच दिवशी हळूबाई ठेवलं. हळूबाईंनी आम्हाला सांगितलं की यात देवधर्म काही नाही आणि मन रिकामं करायचीही गरज नाही. आत्ता जे चाललंय ते चाललंय असं बघायचं, त्याला चांगलं-वाईट म्हणण्याआधी. मला हे ऐकून वाटलं, एवढ्यासाठी माणूस घरदार सोडून इथे येतो?

मग प्रत्येकाच्या तळहातावर एक एक मनुका ठेवली. ती बघायची, हुंगायची, बोटांत फिरवायची, कानाशी न्यायची, आणि कितीतरी वेळाने तोंडात ठेवायची. मी वहिनीकडे पाहिलं तर तिचं तोंड हलत होतं आणि हात रिकामा होता. तिने विचारलं, आता पुढे काय? पलीकडच्या चटईवर एक बसचालक होता, तो तोंड दाबून हसायला लागला. त्यानंतर आडवं पडून पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत लक्ष फिरवायचं होतं. माझं लक्ष घोट्यापर्यंत पोहोचलं असेल. त्यापुढचं मला वहिनीनेच सांगितलं, की मी अशी घोरत होते की बाकीच्या नऊ जणांना दुसऱ्या कशावर लक्ष ठेवायची सोयच उरली नाही. हळूबाई नंतर म्हणाल्या, झोप आली तरी हरकत नाही, फक्त झोप आली हे लक्षात येऊ द्या. झोपल्यावर ते कसं लक्षात यायचं, हा प्रश्न मी अजून त्यांच्यासाठी राखून ठेवलाय.

घरी रोज वीस मिनिटं हाच सराव करायचा होता, हळूबाईंच्या आवाजातल्या सूचना फोनवर ऐकत. मी तिसऱ्या दिवशी वहिनीकडे गेले तर आतल्या खोलीतून एक चिडलेला पोपट ओरडत असल्यासारखा आवाज. वहिनीने हळूबाईंना दुप्पट वेगावर लावलं होतं. वीस मिनिटांचं दहात व्हायचं. आठवडा संपायच्या आत ती तेही न लावता आपल्या आपण चार मिनिटांत करायला लागली, आणि पुढच्या मंगळवारी तिने वर्गात अभिमानाने सांगितलं की पायापासून डोक्यापर्यंत सगळं तपासून झालं आहे, कुठे काही सापडलं नाही, पुढचा धडा द्या.

सगळे हसले. हळूबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी विचारलं, अर्धशिशी येतेय असं दिसलं की तुम्ही काय करता?

“ती यायच्या आत सगळं उरकते,” वहिनी म्हणाली.

“आणि ती नसते तेव्हा?”

वहिनी पहिल्यांदाच सावकाश म्हणाली, “नसते तेव्हा ती यायची वाट बघते.”

बसचालक मान खाली घालून चटईचा दोरा ओढत बसला. त्यालाही तेच होत असणार. हळूबाई एवढंच म्हणाल्या की मग या आठवड्यात एखादी गोष्ट न उरकता करून बघा, कुठलीही.

वहिनीने बटणं निवडली. नाहीतरी कारखान्यात तिच्या नशिबी तीच होती. आधी ती बटणं लावायची म्हणजे त्यांच्यावर सूड उगवायची. आता मी माझ्या जागेवरून बघायचे, तर ती सुई कापडात शिरताना बघतेय, दोरा ओढताना त्याचा बारीक आवाज ऐकतेय. दोन दिवस तिला ते अजिबात जमलं नाही आणि ती मला प्रत्येक वाक्यात ‘वन्सं’ म्हणत होती. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन ती कुजबुजली, “अगं, मी श्वास रोखून धरते. सुई आत गेली की श्वास बंद. म्हणजे मशीन चालवताना अठरा वर्षं मी काय करत असेन?”

तिथून तिला गोष्टी दिसायला लागल्या. अर्धशिशी न सांगता येते अशी तिची तक्रार होती. आता कळलं की ती चांगली आदल्या दिवशी निरोप धाडते. जांभयांवर जांभया येतात, मान आखडते, उगाच तहान लागते. वहिनी इतकी पळत असायची की निरोप दाराशी पडून राहायचा. तिने एक वही केली आणि रोज दोन ओळी लिहायला लागली. पाचव्या आठवड्यात तिला मोठा झटका आला तेव्हा मी तिच्या घरीच होते. तिने गोळी घेतली, पडदे ओढले आणि आडवी झाली. एरवी ती अशा वेळी दात आवळून मुटकुळं करून पडायची आणि आम्ही दाराबाहेर उभे. त्या दिवशी तिने मला आत बोलावलं आणि डोळे मिटून, अगदी मापं सांगावीत तसं सांगायला लागली. आता भुवईच्या वर दोन बोटं. आता कानामागे सरकलं. आता जबडा आवळतोय, सोडते. दुखत होतं तिला, चांगलंच दुखत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं. पण ती म्हणाली की घाबरणं आणि दुखणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे आत्ता कळतंय, इतके दिवस ती दोन्ही एकाच गठ्ठ्यात बांधत होती. मी तिचा हात धरून बसले. इतक्या वर्षांत त्या खोलीत मी पहिल्यांदा बसले होते, आणि मला इतकं बरं वाटलं की त्याची लाजही वाटली.

त्या रविवारी दादा आणि वहिनी तळ्यावर गेले. शनिवारी मी सवयीने विचारलं, रद्द ना? ती म्हणाली, दुखलं तर दुखेल, तळ्याकाठी झाडं आहेत, एकाखाली आडवी होईन. दुखलं नाही. तिने एक आइस्क्रीम खायला अर्धा तास लावला आणि निम्मं मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. दादाने तिचा तसा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात चपला काढत होते, तर आतून शीळ ऐकू आली. आधी मला ओळखूच येईना. वहिनी भाजी चिरत होती आणि दादाला म्हणत होती, मधला भाग बेसूर झाला, परत घाल.

आठवा मंगळवार झाला. तिने वहीतला हिशोब मला दाखवला. आधी महिन्याला नऊ दिवस डोकं दुखायचं, आता सात. माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळलाच आहे. मी म्हटलं, मनुका काय, चटया काय, एवढा सगळा खटाटोप आणि दोनच दिवस कमी?

“अगं, उरलेले तेवीस बघ ना,” वहिनी म्हणाली. “ते सगळे माझे झाले.”

मग मखमलीचा दिवस उजाडला. आदल्या दिवशी वहिनी जांभया देत होती, त्या मी मोजल्या होत्या. आठ. गडद निळी मखमल टेबलावर पसरली होती, कॉलर भरतकामाला न्यायला चार वाजता गाडी येणार होती, आणि बाहेरचे मास्तर हाताची घडी घालून खिडकीशी उभे होते. मालकीणबाई त्यांच्या खुर्चीत. वहिनीने कापडावरून हात फिरवून लव कुठे बसते ते बघितलं, पाठ आखली, पुढचे भाग आखले, पहिले तुकडे कापलेही. असं सावकाश काम करताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. त्यात एक डौल होता. बाह्यांचा फर्मा तिने उचलला आणि हातातच धरून ठेवला.

तिच्या डोळ्यांकडे बघून मला कळलं. मी दोऱ्याचं रीळ आणायच्या निमित्ताने टेबलाशी गेले आणि हळूच म्हटलं, मी तुला खाचा दाखवते, तू फक्त हात चालव, अर्ध्या तासात होईल, कुणाला कळणार नाही. गेल्या वेळी ओरडले होते, आता लपवायला निघाले होते. एकूण काय, माझी अक्कल दोन्ही वेळा चुकीच्या जागी.

वहिनीने फर्मा खाली ठेवला. मशीनची वायर भिंतीतून काढली. मग ती वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण शांतपणे म्हणाली, “मालकीणबाई, मला अर्धशिशी आहे. अठरा वर्षांपासून आहे. आत्ता मला अर्धंच दिसतंय. त्या डाव्या बाह्याही अशाच कापल्या गेल्या होत्या. मला दीड तास थांबावं लागेल.”

बाहेरच्या मास्तरांनी हाताची घडी सोडली. मला वाटलं, संपलं. मालकीणबाई उठल्या, भरतकामवाल्यांना फोन लावला आणि गाडी सहाला पाठवा म्हणाल्या. कापडाच्या कोठारातला दिवा त्यांनी स्वतः बंद केला. वहिनीने गोळी घेतली आणि दोन ताग्यांवर चादर टाकून ती आडवी झाली. मी दाराशी स्टूल टाकून बसले. आतून तिच्या श्वासाचा आवाज येत होता, लांब, एकसारखा. ती दुखणं कुठून कुठे चाललंय ते बघत असणार. मला मात्र त्या दीड तासात सजगतेचं एक अक्षर आठवलं नाही. मी नखं खात होते.

ती बाहेर आली तेव्हा चेहरा पांढरा पडलेला, पण डोळे स्वच्छ. आधी तिने एक फर्मा हातभर अंतरावर धरून सगळ्या खाचा बोट ठेवून मोजल्या. मग मालकीणबाईंनाही मोजायला लावल्या. आणि मग तिने कापलं. घाई नाही, उशीर नाही. पातं मखमलीतून असं गेलं की मला माझं मशीन चालवायचं भानच राहिलं नाही, आणि कुणी मला हटकलंही नाही, कारण सगळ्यांचीच थांबली होती. पावणेसहाला चाळीसच्या चाळीस जोड्या, कॉलरांसकट, बांधून तयार.

मालकीणबाईंनी सगळे गठ्ठे उलटसुलट करून बघितले. मखमलीवरून तळवा फिरवला. बाहेरचे मास्तर मानी माणूस, त्यांनी आपला डबा पिशवीत भरला आणि जाताना वहिनीला म्हणाले, मी असतो तर पुरं करून मोकळा झालो असतो, आणि गोत्यात आलो असतो. मालकीणबाई म्हणाल्या की चुकीची त्यांना भीती नव्हती, चुका होतात. मास्तर का चुकला हे कळत नव्हतं, त्याची भीती होती. आणि मग त्यांनी ते म्हटलं, ज्यासाठी आम्ही तीन महिने श्वास धरून बसलो होतो.

“उद्यापासून टेबल तुमचं.”

वहिनीचा चेहरा असा फुलला की मी तसा तिच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. ती टेबलाच्या कडेवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “उद्या नको. उद्या माझं डोकं जड असेल. परवापासून येते.”

मी डोळे मिटून घेतले. मालकीणबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

“बरं,” त्या म्हणाल्या. “परवा.”

अठरा वर्षांत वहिनीने स्वतःहून मागितलेली ती पहिली सुट्टी. मी मशीन सोडून धावले आणि सगळ्यांच्या देखत तिला कडकडून मिठी मारली. मी रडत होते आणि हसतही होते, आणि ती माझ्या खांद्यावर कपाळ टेकून म्हणत होती, वन्सं, हळू, अजून दुखतंय.